टक्कर समजून घेऊ या चित्रातून (इयत्ता नववी : गतीचे नियम)



‘गतीचे नियम’ शिकवताना संवेग अक्षय्यतेचं सूत्र मुलं धडाधड म्हणून दाखवतात, पण गणितात दिशा विसरतात. मोलगीच्या आमच्या मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. शब्दांत अडकणारं मूल चित्रात मात्र मोकळं होतं. म्हणून आधी चित्र, मग सूत्र.

उदाहरण आपल्या घाटरस्त्याचंच घ्या. जीप १८०० किलो, स्वारासह मोटारसायकल २०० किलो. दोघांचाही वेग ताशी ५० किमी. समोरासमोर टक्कर होते आणि दोन्ही गाड्या अडकून एकत्र सरकतात. मुलांना चौकटीच्या वहीत दोन चित्रं काढायला सांगा.

१. टकरीआधी : संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. मोटारसायकलीचा बाण डावीकडे १ चौकट काढला, तर जीपचा उजवीकडे ९ चौकटी. एकूण संवेग उजवीकडे ८ चौकटी.

२. टकरीनंतर : टक्कर क्षणभराची, म्हणून रस्त्याचं घर्षण सोडून देऊ. एकूण बाण तेवढाच, ८ चौकटी. वस्तुमान आता २००० किलो. ते ताशी ५० किमीने गेलं असतं तर बाण १० चौकटींचा झाला असता. बाण ८ चौकटींचा, म्हणजे वेग ताशी ४० किमी, जीपच्या दिशेने.

दिशा विसरलेलं मूल ९ आणि १ मिळवतं. उत्तर येतं ५०! त्याला फक्त विचारा, “म्हणजे धडकूनही जीपचा वेग कमी झालाच नाही का रे?” चूक तेच शोधेल. त्याला रागावू नका. देकार्तने १६४४ साली मांडलेल्या टकरींच्या नियमांतही दिशेचा हिशोब नव्हता. हायगेन्सने १६६९ साली तो मांडला.

आता शेवटचा प्रश्न : कोणाचा वेग किती बदलला? जीप ५० वरून ४०, बदल १०. मोटारसायकल पुढे ५० होती, ती मागे ४० ने ढकलली गेली. बदल ९०! दोघांवर बल सारखंच, पण हलक्या गाडीच्या वेगातला बदल नऊपट.

हे चित्र काढून झालं की वर्ग शांत होतो. वळणावर वेग का कमी ठेवायचा, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. पालकहो, आज वही उघडून हे दोन बाण मुलांकडून समजून घ्या. गाडी आपणही चालवतोच ना!