ज्ञापकत्व : वैद्यकीय व्यवहारातील व्यक्तिकेंद्री समुपदेशन

परतूर तालुक्यातील वाटूर हे जालना–मंठा मार्गावरील गाव. आसपास कापूस, सोयाबीन व तूर यांची शेती. फाट्यावर उतरलेला माणूस बाजाराच्या वा कचेरीच्या कामासोबतच चिकित्सालयातही डोकावून जातो. काही वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी एका महिन्यात तीन वेळा आमच्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) झोप नाही, अन्नावर वासना नाही, छातीत धडधड, अशा त्यांच्या तक्रारी. आम्ही नाडी व जिव्हा पाहिली, वातशमनाच्या हेतूने अश्वगंधा चूर्ण दुधातून दिले, रात्री पादाभ्यंग सांगितला आणि जाता जाता "काळजी करू नका" असा उपदेशही केला. तिसऱ्या खेपेस ते दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "डाक्टरसाहेब, अजून एक बोलायचं व्हतं... जाऊ द्या." बाहेर रुग्ण खोळंबले होते. "पुढच्या वेळी निवांत बोलू, मामा," असे सांगून आम्ही पुढील रुग्णास आत बोलाविले.

आठ दिवसांनी कळले की घरच्यांनी त्यांना रात्री शेतातून समजूत घालून परत आणले. वेळ थोडक्यात टळली. औषधयोजनेत आम्हास आजही मोठी चूक दिसत नाही. चूक ऐकण्यात झाली होती, आणि तिचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रुग्णाचा चौथा गुण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक व रुग्ण. प्रत्येक पादाचे चार गुण आहेत. रुग्णाचे गुण स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. यांपैकी ज्ञापकत्व म्हणजे आपली व्यथा वैद्यास नीट कळविता येणे. हा गुण रुग्णाचा म्हणून सांगितला असल्याने तो नसल्यास दोषही रुग्णाचाच, असे आपण सहज मानतो. "रुग्ण नीट सांगत नाही" ही तक्रार आपल्या व्यवसायात नित्याची आहे.

परंतु पोटदुखी सांगणे आणि कर्जाची लाज सांगणे यांत फार अंतर आहे. ज्या माणसासमोर आपले हसे होणार नाही, ज्याच्याकडून बोल लागणार नाही, त्याच्यासमोरच मनाची गाठ सुटते. शरीराच्या व्याधीत ज्ञापकत्व बव्हंशी रुग्णाचे असते. मनाच्या व्यथेत मात्र ते वैद्याच्या वर्तनावर अवलंबून असते, असे आमचे मत झाले आहे. हे वर्तन कसे असावे याचा पद्धतशीर विचार गेल्या शतकात एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने केला. त्याचा परिचय आपणास उपयोगी पडेल.

कार्ल रॉजर्स यांचा विचार

कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) हे व्यक्तिकेंद्री समुपदेशनाचे प्रवर्तक होत. १९२८ ते १९४० या काळात ते न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करीत. तेथील एक अनुभव त्यांनी पुढे नोंदविला आहे. एका वर्तन बिघडलेल्या मुलाच्या आईला, दोष तिच्या वागण्यात आहे हे पटवून देण्याचा त्यांनी अनेक भेटींत प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. दोघांनी मिळून भेटी थांबविण्याचे ठरविले. ती दारापाशी गेली, वळली आणि तिने विचारले, "येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते का?" मग ती परत येऊन बसली आणि आपल्या संसाराचे दुःख तिने सांगितले. खरी कथा तेव्हा सुरू झाली. नेमके कोठे दुखते हे त्या माणसालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्स यांनी त्यातून घेतला.

रॉजर्स थांबले आणि त्यांनी ऐकले. वाटूरच्या दारात आम्ही थांबलो नाही, एवढाच फरक.

पुढे १९४२ व १९५१ मधील ग्रंथांतून आणि १९५७ च्या एका प्रसिद्ध लेखातून त्यांनी हा विचार विस्ताराने मांडला. समुपदेशकाच्या ठिकाणी तीन गोष्टी असाव्यात असे त्यांचे प्रतिपादन आहे.

१) आंतरबाह्य एकरूपता. मनात घाई आणि मुखावर हसू, असे असू नये. वेळ नसेल तर तसे सांगावे. मात्र वेळ केव्हा देणार तेही त्याच क्षणी ठरवावे. "पुढच्या वेळी" हे उत्तर नव्हे; "दुपारी एक वाजता या, मी थांबतो" हे उत्तर होय.

२) विनाअट स्वीकार. समोरच्याने दारू सोडली, सल्ला मानला, तरच तो आदरास पात्र, अशी अट नसावी. कृत्य मान्य नसले तरी माणूस मान्य असावा. वैद्याच्या चार वृत्तींत चरकाने मैत्री व कारुण्य यांना स्थान दिले आहे, त्याचे येथे स्मरण व्हावे.

३) समानुभूती. समोरच्याच्या जागी उभे राहून त्याचे जग पाहणे, आणि आपणास काय समजले ते त्यास सांगून पडताळून घेणे.

एक उदाहरण

तिसऱ्या मुद्द्यासाठी एक काल्पनिक संवाद घेऊ. रुग्ण म्हणतो, "कापूस गेला. आता तोंड कुठं दाखवावं?" यावर आपले नेहमीचे उत्तर असे : "मामा, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या साली पीक चांगलं येईल." हेतू चांगला आहे, पण पुढच्या सालाची हमी आपण देऊ शकत नाही, आणि संवाद तेथेच संपतो. दुसरे उत्तर असे देता येईल : "पीक गेलं त्याहून लोकांपुढं जाणं जास्त जड वाटतंय, असं मला वाटलं. बरोबर आहे का?" यावर तो बहुधा पुढे बोलेल : "तसंच हाय बगा. पोरीचं लगीन ठरलंय, पावण्यांना काय सांगू?" अनिद्रेचा हेतू येथे हाती लागला. निदानपंचकातील पहिले अंग केवळ प्रश्नावलीने मिळाले नसते.

मतभेदाचे स्थान

दोन्ही विचार एकच आहेत, असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. रॉजर्स यांची पद्धती मुळात उपदेश टाळणारी आहे. आपल्या शास्त्रात निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणे, हा रुग्णाचा गुण मानला आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायातील सत्त्वावजय चिकित्सेतही अहितकर विषयांपासून मन आवरण्यास सांगितले आहे. मराठीतील 'समुपदेशन' या शब्दातही उपदेश दडलेला आहेच.

आमच्या मते या विरोधाचा परिहार क्रमात आहे. निदानापूर्वी औषध देत नाहीत, तसा ऐकण्यापूर्वी उपदेश देऊ नये. प्रथम समानुभूतीने ज्ञापकत्व जागवावे; मग ज्ञान, धैर्य, स्मृती इत्यादी मानस उपायांचा विचार करावा. ज्याचे ऐकले गेले आहे, त्याच्या ठिकाणी निर्देशकारित्व आपोआप येते, असा आमचा अनुभव आहे.

औषधी दुकानात

औषधी विक्रेत्यांनी हा विषय आपला नव्हे असे समजू नये. झोपेचे औषध मागावयास माणूस अनेकदा प्रथम दुकानातच येतो. चार गिऱ्हाइकांसमोर कोणीही मन उघडे करीत नाही, म्हणून आतल्या बाजूस एक खुर्ची ठेवावी. तेच औषध कोणी वारंवार मागत असेल तर "काय होतंय?" एवढे विचारावे आणि उत्तरास वेळ द्यावा. ऐकलेले दुकानाबाहेर जाऊ देऊ नये. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर न बोलण्याचा दंडक विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्यासाठी घालून दिलेला आहेच.

मर्यादा व दक्षता

ज्या अध्यायात सत्त्वावजय येतो, त्याच्या आरंभीच तीन एषणा सांगितल्या आहेत आणि त्यांत प्राणैषणा पहिली आहे. नापिकी व कर्ज यांनी धनैषणा खचते, तेव्हा कधी कधी प्राणैषणाही क्षीण होते. निरवानिरवीची भाषा, "माझ्यामुळं सगळ्यांना त्रास" असे बोलणे, एकाएकी अबोला किंवा दारू वाढणे ही चिन्हे दिसल्यास स्पष्ट विचारावे : "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट सांगण्यास वाट मिळते.

उत्तर होकारार्थी आल्यास केवळ ऐकणे पुरेसे नाही. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, तिला सांगून घरच्या विश्वासू माणसास बोलवावे, घरातील कीटकनाशके कुलपात अथवा दुसरीकडे ठेवावयास लावावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. गोपनीयतेपेक्षा येथे प्राण मोठा. मनोविकाराची चालू असलेली आधुनिक औषधे आपण परस्पर बंद करू नयेत.

राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला; त्यात जालना जिल्हा होता. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध झाली आहे. हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात ठळकपणे लावावा. पोलिसांच्या भीतीने कुटुंबे अशी घटना लपवितात. त्यांना सांगावे की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिच्यावर उपचारांची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

समारोप

ते शेतकरी मुलासोबत पुन्हा आले. या वेळी आम्ही दुपारची वेळ मोकळी ठेवली होती. पहिली दहा मिनिटे ते जमिनीकडे पाहत बसले. आम्हीही काही बोललो नाही. मग ते तासभर बोलले. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. आमचा पादाभ्यंगही चालू राहिला. आज ते फाट्यावर भेटतात आणि थांबून बोलतात.

वैद्यबंधु-भगिनींनी व औषधी विक्रेत्यांनी आठवड्यातील एक दुपार तरी अशी मोकळी ठेवावी, आणि रुग्ण दारातून वळून पाहील तेव्हा त्यास परत बसवून घ्यावे, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.