बिघाड एक नंबरला, दोष दोन नंबरचा

चाकणच्या एका कारखान्यात तीन डीजी सेट आहेत. तिन्हींचे कंट्रोलर एकाच आरएस-४८५ केबलवर, आणि ती केबल कंट्रोल रूममधल्या बीएमएसला जोडलेली. दोन नंबरच्या सेटचा कंट्रोलर जळाला म्हणून नवा बसवला आणि पडद्यावरून एक नंबरचा सेट अधूनमधून गायब व्हायला लागला. मला बोलावणं आलं तोवर एक नंबरच्या पॅनलची टर्मिनलं आवळून झाली होती, नव्या केबलचं कोटेशनही टेबलावर होतं.

एक नंबरला काही झालंच नव्हतं. नवा कंट्रोलर फॅक्टरी सेटिंगवर तसाच चालू केला होता, आणि त्याचा स्लेव्ह आयडी नेमका एक नंबरच्या सेटला दिलेला. बीएमएसने त्या पत्त्यावर विचारलं की दोघंही एकदम उत्तर देणार, सीआरसी जुळणार नाही आणि बीएमएस ते उत्तर टाकून देणार. दोन नंबर तर पडद्यावर येतच नव्हता, पण ‘नवा आहे, जोडायचा राहिलाय’ म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. लाइनवर एखादं यंत्र रुसलं की ते यंत्र उघडण्याआधी शेवटचा बदल कुठे झाला ते विचारा. या लाइनवर चालणाऱ्या मॉडबसला १ ते २४७ पत्ते आहेत, दोघांना एकच द्यायची गरज कधीच नसते.

सेटिंग बदलायला कंट्रोलरला लॅपटॉप जोडण्याआधी एक पथ्य पाळा. सेट ऑटोवर असेल तर मेन्स गेल्याबरोबर तो तुमच्या हाताशेजारी सुरू होईल. स्टॉप मोडला घ्या, इमर्जन्सी दाबा, आणि मेंटेनन्सवाल्यांना सांगून ठेवा, कारण तेवढा वेळ कारखाना बॅकअपविना आहे. मग जुनी कॉन्फिगरेशन फाइल लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या. हे न करता ‘राइट’ दाबणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या फाइलबरोबर ओव्हरस्पीडची मर्यादासुद्धा बदलून जाते.

बॉड रेट सगळ्यांचा एकच हवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो पॅरिटीत. मॉडबसचं प्रमाण सांगतं इव्हन पॅरिटी आणि एक स्टॉप बिट, किंवा पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट. बाजारातली बरीच यंत्रं मात्र पॅरिटी नाही आणि स्टॉप बिट एक, अशी येतात. प्रमाणाशी भांडत बसू नका, लाइनवर जे चालू आहे तेच नव्याला द्या.

केबलचा निकाल मल्टिमीटर लावतो. सगळ्यांची पॉवर बंद करून ए आणि बी मध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतील तर साधारण ६० दिसतात. १२० आले तर एक टोक मोकळं आहे. ४० आले तर मधल्या कुठल्यातरी यंत्राचा आतला टर्मिनेशन स्विच चालू राहिलाय. या कारखान्यात ४० आले होते! नव्या कंट्रोलरचा स्विच चालूच होता, आणि दोन नंबर तर मधला.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बोलणं सुरळीत चालू असूनही आकडा चुकीचा असण्याची. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं रजिस्टर प्रत्यक्ष लाइनवर शून्य पत्त्यावर असतं. एका घराने सरकलात तर शेजारच्या रजिस्टरचा आकडा ऑइल प्रेशर म्हणून झळकतो, आणि पडद्यावर सगळं हिरवंच दिसतं. म्हणून सेट लोडवर चालवा, एकाने पॅनलसमोर उभं राहून व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, प्रेशर, तापमान मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने कंट्रोल रूममधून फोनवर ताडून पाहावं. kWh सारखे आकडे दोन रजिस्टरांत विभागलेले असतात. त्यांचा क्रम उलटा लागला तर पडदा भलताच आकडा दाखवतो, तोही बघून घ्या.

जमलं की पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: स्लेव्ह आयडी, बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट, टर्मिनेशन स्विच चालू की बंद. पुढचा कंट्रोलर जळेल तेव्हा तो बदलायला कदाचित तुम्ही नसाल.