भिन्न दाबाच्या सौर पॅनेलांची जोडणी

विहिरीवरील सौरपंपास पाणी कमी पडू लागले की जुन्या पॅनेलास नवे पॅनेल जोडावे, असे नाशिकच्या द्राक्षबागायतदारास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंचा विद्युत्दाब भिन्न असल्यास खर्च होऊनही शक्ती पुरती मिळत नाही.

उदाहरणार्थ, एक पॅनेल १८ व्होल्ट, ५ अँपिअर (९० वॅट) व दुसरे ३६ व्होल्ट, ७ अँपिअर (२५२ वॅट) आहे. बेरीज ३४२ वॅट होते.

(१) एकसर जोडणी : दाब मिळून ५४ व्होल्ट होतो, मात्र धारा लहान पॅनेलाइतकीच, म्हणजे ५ अँपिअर वाहते. मिळकत सुमारे २७० वॅट.

(२) समांतर जोडणी : धारा १२ अँपिअर होते, पण दाब १८ व्होल्टच्या आसपास उतरतो. मिळकत सुमारे २१६ वॅट, म्हणजे एकट्या मोठ्या पॅनेलाहूनही कमी.

उपाय : १८ व्होल्टची दोन सारखी पॅनेले प्रथम एकसर जोडून ३६ व्होल्ट करावेत व मग ती जोडी मोठ्या पॅनेलाशी समांतर जोडावी. ३६ व्होल्ट व १२ अँपिअर, म्हणजे पूर्ण ४३२ वॅट मिळतात.

दक्षता : थंडीत पॅनेलाचा दाब वाढतो आणि निफाडला हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांखाली जातो. सबब, एकसर पॅनेलांच्या खुल्या टोकांच्या दाबाची बेरीज नियंत्रकाच्या मर्यादेहून किमान एक-दशांशाने कमी ठेवावी. उन्हातील पॅनेल बंद करता येत नाही. जोडणीपूर्वी ते जाड कापडाने झाकावे. शासकीय योजनेतील संचात पुरवठादाराच्या संमतीविना फेरफार करू नये.

ग्रामसेवकांनी पॅनेलामागील पट्टीवरचे आकडे शेतकऱ्यास खरेदीपूर्वीच वाचून दाखवावेत.