निर्देशिकेशी संगणकाचा संवाद : ‘शून्य’ या उत्तराचा अर्थ

मोठ्या कार्यालयात शेकडो कर्मचारी व शेकडो संगणक असले म्हणजे कोणाचा हुद्दा काय, ईमेलचा पत्ता कोणता आणि कोणत्या दप्तरात कोणास प्रवेश आहे, याची एकच विश्वसनीय नोंदवही असणे अगत्याचे ठरते. संगणकांच्या जाळ्यावरील अशा नोंदवहीस निर्देशिका म्हणतात. तीत बदल क्वचित होतो. वाचन मात्र दिवसभर चालू असते. प्रत्येक प्रोग्रामने ती वाचण्याची निराळी रीत योजली, तर घोटाळा होईल. म्हणून संवादाचे नियम ठरलेले आहेत आणि ते पाळणाऱ्या तयार फंक्शनांचा संच, म्हणजेच लायब्ररी, उपलब्ध आहे. सी भाषेतील या लायब्ररीचा उपयोग कसा करावा व तो करताना कोणती दक्षता घ्यावी, याचा येथे विचार केला आहे.

पार्श्वभूमी

दूरसंचार क्षेत्रातील सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने १९८८ मध्ये निर्देशिकेसाठी एक्स.५०० ही प्रमाणके निश्चित केली. त्यांची व्याप्ती मोठी होती. परंतु त्यांतील संवादपद्धतीचा भार त्या काळच्या लहान संगणकांना पेलणारा नव्हता. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे टिम हाउज व त्यांचे सहकारी यांनी इंटरनेटच्या टीसीपी वाहतुकीवर चालणारी सुटसुटीत पद्धत सिद्ध केली. ‘लाइटवेट डिरेक्टरी ॲक्सेस प्रोटोकॉल’, संक्षेपाने ‘एलडॅप’, या नावाने ती १९९३ मध्ये पुढे आली. सी भाषेतील फंक्शनांचे स्वरूप सांगणारी आरएफसी १८२३ ही पत्रिका १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. एलडॅपची तिसरी आवृत्ती १९९७ मध्ये आली. विद्यापीठाच्या मूळ कामाच्या आधारे १९९८ मध्ये ‘ओपनएलडॅप’ हा मुक्त प्रकल्प सुरू झाला व त्याची लायब्ररी आज सर्वत्र वापरली जाते.

नोंदींची मांडणी

निर्देशिकेतील नोंदी वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे मांडलेल्या असतात. पाकिटावर आधी व्यक्तीचे नाव, मग गाव, तालुका व जिल्हा लिहितात, त्याच क्रमाने नोंदीचे पूर्ण नाव लहानाकडून मोठ्याकडे जाते : प्रथम व्यक्ती, नंतर शाखा, शेवटी संस्था. शोध घेताना तीन मर्यादा घालता येतात. केवळ ती एक नोंद, तिच्या लगतची खालची पायरी, अथवा तिच्यासह खालचा संपूर्ण वृक्ष.

कामाचे टप्पे

प्रथम ‘इनिशिअलाइझ’ या फंक्शनास सर्व्हरचा पत्ता देऊन एक हँडल मिळवावे व तिसरी आवृत्ती स्पष्टपणे निवडावी. नंतर ‘स्टार्ट टीएलएस’ने संभाषण सांकेतिक करून घ्यावे, अन्यथा ३८९ क्रमांकाच्या नेहमीच्या पोर्टवरून साध्या पद्धतीने पाठविलेला पासवर्ड उघडाच जातो. त्यानंतर ‘बाइंड’ने ओळख पटवावी, ‘सर्च’ने शोध घ्यावा, उत्तरातील नोंदी एकेक करून वाचाव्यात, लायब्ररीने राखून ठेवलेली मेमरी मोकळी करावी आणि ‘अनबाइंड’ने संबंध संपवावा. मेमरी मोकळी न केल्यास महिनोन्महिने चालणारा प्रोग्राम हळूहळू फुगत जाऊन अखेर बंद पडतो.

शून्य म्हणजे काय?

यांतील बहुतेक फंक्शने उत्तरादाखल एक संकेतांक देतात. शून्य म्हणजे यश. नवशिक्या प्रोग्रामरची समजूत अशी, की शून्य आले म्हणजे काम फत्ते झाले. वस्तुतः शून्य एवढेच सांगते, की जे विचारले ते नियमानुसार पार पडले.

‘इनिशिअलाइझ’ने शून्य दिले, तरी सर्व्हर गाठला गेला असे होत नाही. ते फंक्शन केवळ हँडल सिद्ध करते. प्रत्यक्ष जोडणी पहिल्या विनंतीच्या वेळी होते. शोधाचेही तसेच आहे. निकषात बसणारी एकही नोंद नसली, तरी उत्तर शून्यच येते. म्हणून नोंदींची संख्या निराळी मोजावी लागते. उलट, ४ हा संकेतांक संख्येची मर्यादा ओलांडल्याचे सांगतो, तरी त्यासोबत काही नोंदी हाती आलेल्या असतात. त्यांना संपूर्ण यादी समजणे चुकीचे होय.

सर्वांत गंभीर धोका ‘बाइंड’मध्ये आहे. अनेक प्रोग्राम वापरकर्त्याने दिलेले नाव व पासवर्ड घेऊन ‘बाइंड’ करतात आणि शून्य आले की दार उघडतात. चुकीचा पासवर्ड दिल्यास ४९ हा संकेतांक येतो, हे खरे. परंतु नाव देऊन पासवर्डची जागा रिकामी ठेवली, तर नियमांनुसार ती ओळख पटविण्याची विनंतीच ठरत नाही. ती अनामिक भेट ठरते. अशी भेट स्वीकारणारा सर्व्हर शून्य हेच उत्तर देतो. प्रोग्रामने त्याचा अर्थ ‘ओळख पटली’ असा घेतला, तर केवळ नाव ठाऊक असलेला कोणीही परक्याचे वेतनपत्रक अथवा गोपनीय दप्तर उघडू शकेल. २००६ मधील आरएफसी ४५१३ अशा विनंत्या सर्व्हरने मुळातच नाकाराव्यात, अशी शिफारस करते आणि पासवर्ड रिकामा नाही याची खात्री प्रोग्रामने स्वतः करावी, असेही बजावते. सी भाषेत ही तपासणी एका ओळीची आहे.

शोधाच्या निकषातही सावधगिरी हवी. तारकाचिन्ह, कंस व बॅकस्लॅश यांना तेथे विशेष अर्थ असतो. वापरकर्त्याने नावाऐवजी नुसते तारकाचिन्ह टाकले आणि प्रोग्रामने ते जसेच्या तसे पुढे पाठविले, तर एका व्यक्तीऐवजी सर्वांच्याच नोंदी जुळतील. म्हणून ही चिन्हे ठरलेल्या सांकेतिक रूपात बदलून घ्यावीत आणि ओळख पटविण्यापूर्वी नेमकी एकच नोंद सापडल्याची खात्री करावी.

तयार झालेला प्रोग्राम वापरात आणण्यापूर्वी त्याची पाच प्रकारे परीक्षा घेणे इष्ट होय : योग्य पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, रिकामा पासवर्ड, नावाच्या जागी तारकाचिन्ह आणि बंद ठेवलेला सर्व्हर. यांपैकी पहिल्याच प्रसंगी दार उघडावे, उरलेल्या चारही प्रसंगी ते बंदच राहावे.