उघड्या पाठीचा हेडफोन कसा निवडावा?



परीक्षेचा निकाल लागला, कीं आमच्या वर्गांतील एखादा विद्यार्थी येऊन विचारतो, "सर, वडील हेडफोन घेऊन देणार आहेत. गाणें ऐकण्यास कोणता घ्यावा?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यांत वडिलांचे कष्टाचे पैसे आणि मुलाचे कान हीं दोन्ही गुंतलेलीं असल्यामुळें आम्ही त्याचें उत्तर घाईनें देत नाहीं. त्या उत्तराचा सारांश पालकांच्याही उपयोगीं पडावा, म्हणून येथें देत आहों.

प्रथम रचना पाहूं. हेडफोनाच्या प्रत्येक वाटींत एक पातळ पडदा असतो. विजेच्या प्रवाहानें तो कांपूं लागला, म्हणजे त्याच्या पुढील बाजूस जसा ध्वनि निघतो, तसाच मागील बाजूसही निघतो. बंद हेडफोनांत हा मागील ध्वनि वाटीच्या भिंतीवर आदळून परततो व मूळ ध्वनीस कांहींसा गढूळ करूं शकतो. उघड्या पाठीच्या हेडफोनांत त्या भिंतीच्या जागीं जाळी असते. म्हणून मागील ध्वनि मोकळेपणीं बाहेर निघून जातो. दारें लावून माजघरांत गाणें आणि अंगणांत गाणें यांत जो भेद, तसाच कांहींसा हा आहे. तंबोऱ्याचा झंकार विरेपर्यंत स्वच्छ ऐकूं येतो, आणि गाणें डोक्यांत कोंडल्यासारखें वाटत नाहीं. जर्मनींतील सेनहायझर कंपनीनें १९६८ सालीं 'एचडी ४१४' हा या जातीचा पहिला हेडफोन विक्रीस आणिला.

परंतु ज्या जाळींतून आवाज बाहेर जातो, त्याच जाळींतून बाहेरचा गलबला आंत येतो. म्हणून आगगाडींत किंवा बसमध्यें हा हेडफोन निरुपयोगी होय. तसेंच एकाच खोलींत भावंडें अभ्यास करीत असतील, तर तुमचें गाणें त्यांच्याही कानीं पडेल. ढोलाचा खोल दणकाही यांत बहुधा थोडा कमी भासतो. तेव्हां ज्यास घरीं शांत जागा व निवांत वेळ आहे, त्यानेंच हा घ्यावा; इतरांनीं बंद हेडफोन घेण्यांत कमीपणा मानूं नये.

दुसरी गोष्ट विद्युत्‌रोधाची. तो ओहम या मापानें सांगतात. येथें आम्ही स्वतः एकदां चुकलों. भारी किंमत तें उत्तम, असें समजून आम्हीं ३०० ओहमचा हेडफोन आणिला व मोबाइलला जोडला, तों आवाज अगदीं क्षीण! दोष हेडफोनाचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. पुढें निराळें वर्धकयंत्र घ्यावें लागलें, आणि त्या महिन्यांत घरच्या इतर खर्चास कात्री लागली. म्हणून मोबाइलवर ऐकणाऱ्यानें साधारणपणें ३२ ओहमच्या आसपासचा, थोड्या शक्तींत पुरेसा आवाज देणारा हेडफोन पाहावा. आणि त्याची तार आपल्या मोबाइलास जोडतां येते कीं नाहीं, हेंही आधीं तपासावें.

तिसरी गोष्ट सुखाची. दुकानांत पांच मिनिटें घालून समाधान मानूं नये. शक्य तर अर्धा तास डोक्यावर ठेवावा. गादी कानावर न दाबतां कानाभोंवतीं बसावी. चष्मा असल्यास तो लावूनच पाहावें. वजन अडीचशें ग्रॅमच्या जवळपास असल्यास बरें. आपल्याकडील उन्हाळ्यांत कापडी गादी चामड्यासारख्या गादीपेक्षां कमी घाम आणिते.

ध्वनीची परीक्षा करितांना आपल्या पूर्ण परिचयाचें एकच गाणें दोन्ही हेडफोनांवर ऐकावें, आणि दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. जो अधिक मोठा वाजतो तोच मनास अधिक चांगला वाटतो, आणि पुष्कळ ग्राहक येथेंच फसतात. किमतीविषयीं एवढेंच सांगतों, कीं ज्याची तार व गाद्या बदलतां येतात, तो पुष्कळ वर्षें टिकतो; आणि एका मर्यादेपलीकडे दुप्पट पैसे मोजल्यानें आवाज दुप्पट चांगला होत नाहीं.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकांत मोठ्या माणसांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबल, व मुलांसाठीं तितकेच तास ७५ डेसिबल, अशी मर्यादा घातली आहे. ध्वनि ३ डेसिबलनें वाढला, कीं सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. उघड्या हेडफोनांत बाहेरचा गोंगाट बुडविण्यासाठीं आवाज चढविण्याचा मोह फार होतो. तेव्हां गोंगाट असेल, तर हेडफोन उतरून ठेवावा. अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या, म्हणजे मनुष्यास पुन्हां येत नाहींत. पालकांनीं हेडफोन हातीं देण्यापूर्वीं मुलाजवळ बसून आवाजाची मर्यादा ठरवून द्यावी, आणि मुलांनीं ती पाळावी, एवढीच आमची विनंती आहे.