पेशीचे निर्णय आणि नियंत्रणाचे शास्त्र

वसतिगृहाच्या गच्चीवरील पाण्याची टाकी भरत आली की आतील तरंगता गोळा वर उचलला जातो आणि येणारे पाणी आपोआप थांबते. पाणी वापरले की गोळा खाली येतो व टाकी पुन्हा भरू लागते. परिणामाने आपल्याच कारणाला आवर घालावा, अशा रचनेस प्रत्याभरण, म्हणजेच फीडबॅक, म्हणतात. अशा रचनांचा गणिती अभ्यास म्हणजे अभियांत्रिकीतील नियंत्रण सिद्धांत. तो सजीव पेशीलाही लावता येतो.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा एकपेशीय जीवाणू पाहू. त्याला ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल लागते. बाहेरून मिळाले नाही तर तो ते स्वतः तयार करतो. मिळाले तर निर्मिती आवरतो. यासाठी त्याच्यापाशी तीन आवर आहेत. ट्रिप्टोफॅन साचले की ते एका प्रथिनाला चिकटते आणि ते प्रथिन डीएनएवर बसून संबंधित जनुकांचे वाचन रोखते. तरीही सुरू झालेले वाचन मध्येच तोडणारी दुसरी व्यवस्था आहे. तिसरा आवर सर्वांत त्वरित काम करतो: ट्रिप्टोफॅन निर्मितीच्या साखळीतील पहिल्या विकरालाच थोपवते.

एकाऐवजी तीन आवर कशासाठी? जनुकांचे वाचन थांबले तरी आधी तयार झालेली विकरे काम करीतच राहतात. उलट, केवळ विकर थोपवले तर नको असलेली विकरे तयार करण्यात पेशीची शक्ती वाया जाते. मुंबईतील पवई येथील आयआयटीमधील रासायनिक अभियंते प्रा. के. व्ही. व्यंकटेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यंत्रणा गणिती समीकरणांत मांडून अभ्यासली. २००४ साली ‘फेब्स लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा की, परिस्थिती बदलली तरी न डळमळणाऱ्या प्रतिसादाचे मर्म अनेक प्रत्याभरणे एकत्र असण्यात आहे.

म्हणजे पेशीच्या आत निर्णय घेणारा कोणी बसलेला नाही. परस्परांवर अवलंबून असलेल्या घटना घडतात आणि त्यांच्या एकत्रित परिणामालाच आपण ‘निर्णय’ म्हणतो. येथे आपल्याला प्रतीत्यसमुत्पादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु भगवान बुद्धांनी जीवाणूंचे विज्ञान आधीच सांगितले होते, असे म्हणणे धम्माला आणि विज्ञानाला दोघांनाही अन्यायकारक ठरेल. दुःखाचे कारण शोधणे हा धम्माचा विषय. पेशीतील कारणे मोजणे हा प्रयोगशाळेचा. साम्य आहे ते वृत्तीत: केवळ श्रद्धेने न स्वीकारता कारण तपासून पाहण्यात.

या तपासणीचे मोलही मोठे आहे. मानवी पेशीचे विभाजन रोखणारे आवर निकामी झाले की कर्करोग उद्भवू शकतो. कोणता आवर कोठे सुटला, हे समजल्यावाचून नेमका उपचार शोधता येत नाही.

असोद्याच्या विद्यार्थ्यांनी या अभ्यासाचा आरंभ गच्चीवरील टाकीपासूनच करावा. येथे काय मोजले जाते, मर्यादा कोण ठरवते आणि आवर कोण घालते, हे तीन प्रश्न तेथे विचारता आले, तर पुढे ते पेशीलाही विचारता येतील.