घरचा धर्म आणि मनाचा धर्म

मुलाला धर्म प्रथम मिळतो तो आईच्या मांडीवर. चार वर्षे, चार महिने, चार दिवस झाले म्हणजे मुसलमान घरांत मुलाची बिस्मिल्ला करण्याची चाल आहे; हिंदू घरांत मूल तिन्हीसांजेला परवचा म्हणू लागते. त्या वयात अर्थ कळत नाही व कळावा अशी अपेक्षाही नसते. बाप वाकला की मूल वाकते. ही पायरी अनुकरणाची.

दुसरी पायरी शंकेची. ती बहुधा वरच्या वर्गांत येते. "वजूच्या पाण्याने हातपाय स्वच्छ होतात, मन कसे होते?" असे एका विद्यार्थ्याने घरी विचारले व त्याबद्दल मार खाल्ला. वास्तविक तो मुलगा धर्म सोडीत नव्हता. धर्माच्या गाभ्याकडे वळत होता. मार खाल्ल्यावर त्याने विचारणे सोडले आणि हळूहळू नमाजही सोडली.

शंका म्हणजे अश्रद्धा नव्हे, याला मोठा दाखला इमाम गझालींचा (१०५८–११११). ख्रिस्त्यांची मुले ख्रिस्ती, यहुद्यांची यहुदी व मुसलमानांची मुसलमान होतात, हे त्यांनी तरुणपणीच हेरले. मग खात्रीचे ज्ञान कोणते, हा प्रश्न त्यांना पडला. पुढे १०९५ साली बगदादमधील मानाची अध्यापकी सोडून ते बाहेर पडले. श्रद्धा त्यांना पुन्हा लाभली, पण ती आता वारशाची नव्हती.

आमच्या भोपाळचा इतिहासही हेच सांगतो. सिकंदर बेगम पडदा पाळीत नसत. तरी १८६३-६४ मध्ये त्यांनी हज केली. त्यांच्या कन्या शाहजहान बेगम पडद्याबाहेर वाढल्या, पण १८७१ च्या दुसऱ्या विवाहानंतर पडद्यात गेल्या. ताजुल मसाजिदचे काम त्यांनीच सुरू केले. त्यांच्या कन्या सुलतान जहान बेगम १९११ साली बुरख्यातच विलायतेस गेल्या, पडद्याच्या समर्थनार्थ त्यांनी लिहिले, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याच पडद्याबाहेर आल्या. तिघींपैकी कोणीही इस्लाम सोडला नाही. अल्लाहवरील विश्वास आणि तो पाळण्याची रीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी बदलली म्हणजे पहिली गेली असे नव्हे.

क्वचित श्रद्धेचे घरच बदलते. लक्ष्मीबाई टिळकांचे बालपण कडक सोवळ्याओवळ्यात गेले. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढे पाच वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण मधल्या काळात जातिभेद माणसानेच केला, हे त्यांचे त्यांना उमगले होते. 'स्मृतिचित्रे'त हा प्रवास त्यांनी हसतखेळत सांगितला आहे.

तेव्हा आईबापांनी करावे काय? लहानपणी सवय जरूर लावावी. सवयीवाचून पुढे तपासायला काही उरतच नाही. मूल विचारू लागले की रागावू नये. उत्तर ठाऊक नसेल तर "आपण मिळून पाहू" एवढे म्हणावे. आणि मोठेपणी त्याची रीत आपल्याहून निराळी झाली, तरी त्याचे ताट घरात वाढलेले असावे. बी आपण पेरतो. झाडाच्या फांद्या कोणीकडे जाव्यात हे आपल्या हाती नसते. पाणी घालणे मात्र असते.